चौदा नंबरच्या अलीकडे

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आज ताईला भेटायला जायचं. पक्कं.

ताई हॉस्पिटलात आहे त्याला आज आठवा दिवस. अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळीत गेलं. डॉक्टरांच्या मते बोलणं गेलेलं नाही, अडकलेलं आहे. बायको रोज जाते. मुलगी कॉलेज सुटलं की जाते. मी अजून गेलेलो नाही, पण त्यामागे विचार आहे. पहिले चार दिवस आयसीयू होतं. तिथे गर्दी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचे दोन दिवस मला सर्दी होईल असं वाटत होतं. काल रविवार. रविवारी सगळेच जातात.

आजचा प्लॅन. ५.३० ऑफिस सुटणार. ५.४२ ची बस. ६.०४ हॉस्पिटलचा स्टॉप. ६.१० तिसरा मजला, खोली नंबर चौदा. अर्धा तास बसणार, धीर देणार. ६.४० ला बाहेर. बसच्या वेळा मीच बसवलेल्या आहेत. वेळापत्रक विभागात बावीस वर्षं काढली. ज्या माणसाने अख्ख्या शहराच्या वेळा आखल्या त्याला अर्धा तास आखणं काय अवघड आहे.

संध्याकाळी ७.५०

५.४२ ची बस ५.४४ ला आली. दोन मिनिटं उशीर. हा एकदा झाला की रोजच होतो, हे पाहणं माझं कर्तव्य होतं. म्हणून पुढची पाहिली. मग त्याच्या पुढची. एकूण पाच गाड्या पाहिल्या. तीन लेट. उद्या साहेबांना नोट देतो.

बायकोला सांगितलं, ऑफिसचं काम निघालं. ते खोटं नाही.

३ मार्च

बायकोने विचारलं, तुला भीती वाटते का? मी हसलो. माणूस घाबरतो तेव्हा त्याला घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात गोळा येतो. मला हे फक्त हॉस्पिटलचं नाव काढलं की होतं. एरवी नाही. याला भीती म्हणत नाहीत, ॲलर्जी म्हणतात.

साहेबांनी नोट वाचली. म्हणाले, छान, पण तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

५ मार्च. सं. ८

मोठी प्रगती. बसमध्ये चढलो, स्टॉपवर उतरलो, गेटपर्यंत पोचलो. गेटवरचा वॉचमन एका रिक्षावाल्याशी पार्किंगवरून वाद घालत होता. दोघांची बाजू ऐकून घेतली. रिक्षावाल्याचं बरोबर होतं. तसं सांगितलं. मग वॉचमन माझ्यावरच घसरला, तुम्हाला आत जायचंय की नाही ते आधी सांगा. अशा वातावरणात पेशंटला भेटण्यात अर्थ नसतो. मन शांत असावं लागतं.

जाताना सफरचंदं घेतली होती ती परत आणली. मुलगी म्हणाली, बाबा, ही आत्याची ना? आणि खाऊ लागली.

८ मार्च, रविवार

लॉबीपर्यंत. तिथे एका खुर्चीत पस्तीस मिनिटं बसलो. वाटेल ते माणूस येत होतं, जात होतं, कुणाला काही होत नव्हतं. मी उठून लिफ्टकडे गेलो. लिफ्टचं दार उघडलं, आतून व्हीलचेअरवर एक बाई आली, मान एका बाजूला. माझे पाय मागे फिरले. मी फिरवले नाहीत, ते फिरले. गेटच्या बाहेर आल्यावर कळलं की मी धावत होतो.

मात्र हात रिकामा नव्हता. लॉबीतल्या रॅकमधलं एक पत्रक हातात आलं होतं. वर ठळक अक्षरात लिहिलंय, ताण आला की पळून जावंसं वाटतं का? आत सगळं शास्त्रशुद्ध दिलंय. एक, ज्याची भीती वाटते त्याचे लहान लहान टप्पे करा. दोन, एका टप्प्यावर पुरेसं स्थिरावल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. तीन, पळावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबा, लाट ओसरते. चार, विश्वासातल्या माणसाशी बोला.

चौथं सोडलं तर सगळं पटलं.

९ मार्च

ऑफिसात लंच टाइममध्ये तक्ता केला. सात स्टॉप. घर, बस, गेट, लॉबी, लिफ्ट, कॉरिडॉर, चौदा नंबर. प्रत्येक स्टॉपसमोर थांबण्याचा किमान वेळ आणि शेरा. चार स्टॉप पार झालेत, म्हणजे सत्तावन्न टक्के काम आठवड्यात झालं. साहेबांना असं कुठल्या प्रोजेक्टमध्ये कधी दिसलं असेल तर सांगावं.

शेजारच्या टेबलवरच्या टायपिस्ट बाईंनी तक्ता पाहून विचारलं, हा नवीन रूट का? म्हटलं, हो. म्हणाल्या, फारच छोटा आहे.

१० मार्च. लॉबी. वीस मिनिटं.

११ मार्च. लॉबी. पंचवीस. स्थिरावत चाललोय.

१२ मार्च. लॉबी. रिसेप्शनवरची मुलगी आता मान हलवून ओळख दाखवते.

१३ मार्च. लॉबी. एका म्हाताऱ्या जोडप्याला एक्स-रे कुठे ते सांगितलं. रिसेप्शनवरच्या मुलीने फोनवर असताना मला खुणेनेच विचारलं, रक्त तपासणी कुठल्या मजल्यावर गेली? मी सांगितलं.

१४ मार्च. लॉबी. पत्रकात ‘पुरेसं’ म्हणजे किती ते दिलेलं नाही. ही त्या पत्रकाची चूक आहे.

१६ मार्च, सोमवार. सं. ७.३०

लिफ्ट. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. दार उघडलं. फिनेलचा वास आला. दार बंद झालं. खाली आलो. पुन्हा वर गेलो. असं चार वेळा. चौथ्या वेळेस लिफ्टमध्ये आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, दुरुस्तीचे का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मागच्या आठवड्यापासून आवाज येतोय. मी म्हटलं, बघतो.

बायकोने आज पुन्हा विचारलं, कधी येणार आहेस? आवाज चढवून नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. मी तक्ता दाखवला. तिने तो पाहिला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि टेबलावर ठेवून पोळ्यांकडे वळली.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई कारखान्यात शिफ्टला जायची, तेव्हा घरात आई म्हणजे ताईच. मी तिसरीत असताना वर्गात कविता म्हणून दाखवायची होती. आदल्या दिवशी घरी दहा वेळा म्हटली. शाळेत नाव पुकारलं आणि मी शाळेमागच्या पंपाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून बसलो. ताई आली. ओरडली नाही, दार वाजवलं नाही. दाराबाहेर बसून स्वतःचा अभ्यास करत राहिली. पेन्सिलचा आवाज येत होता. दोन तासांनी मी कडी काढली तेव्हा ती म्हणाली, भूक लागली असेल.

हे का लिहिलं माहीत नाही. उद्या कॉरिडॉर.

१८ मार्च, बुधवार

कॉरिडॉर पार. म्हणजे जवळजवळ.

अकरा नंबरपर्यंत ठीक होतं. बारा नंबरपाशी थांबलो. चौदा नंबरचं दार तिथून दिसत होतं, अर्धवट उघडं. पत्रकाप्रमाणे दहा मिनिटं थांबायचं ठरवलं. तिसऱ्या मिनिटाला बारा नंबरमधून आवाज आला, अहो, तुम्ही, तो नळ जरा बंद करता का? डोकं उठलंय.

आत एक सत्तरीचे गृहस्थ, एकटेच, पायाला वजनं लावून झोपवलेले. त्यांच्या बाथरूममधला नळ टपटपत होता. मी बंद केला. पुन्हा टपटपू लागला. ते पडल्या पडल्याच सांगू लागले, डावीकडे फिरवा, आता अर्धा पेच मागे, आता हळूच दाबून. थांबला. चाळीस वर्षं प्लंबिंग केलंय म्हणाले. स्टुलावरून पडून खुबा मोडला. स्टूल दुसऱ्याचं होतं यावर त्यांचा फार भर.

बसा म्हणाले. बसलो. पाऊण तास बसलो. छाती धडधडली नाही, घाम नाही, काही नाही. म्हणजे मला हॉस्पिटलची ॲलर्जी नाही हे सिद्ध झालं. मोठं ओझं उतरलं.

घरी सांगितलं, आज हॉस्पिटलात जाऊन आलो, पाऊण तास बसलो. बायकोच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी पुढचं सांगितलं नाही.

१९ मार्च

नळवाल्या काकांकडे गेलो. हा सराव आहे. पोहायला शिकताना कुणी सरळ खोल पाण्यात उडी मारत नाही.

२१ मार्च, शनिवार

काकांना मऊ भात आणि वरण भरवलं. उजव्या हाताला सलाइन होतं. भरवताना ते म्हणाले, चमचा फार भरता तुम्ही. उद्यापासून अर्धा भरायचा.

मोठ्या नर्सबाई आल्या. मला म्हणाल्या, बोटीवरून सुट्टी मिळाली का शेवटी? काकांचा मुलगा जहाजावर असतो हे मला काकांनी सांगितलं होतं. आता सुधारायचं म्हणजे मी कोण, कुणाकडे आलो, हे सगळं सांगावं लागलं असतं. नर्सबाईंनी विचारलं, समुद्र कसा आहे? म्हटलं, सध्या शांत आहे.

काका छताकडे पाहत होते.

२३ मार्च

फिजिओथेरपिस्टने काकांना पलंगावरून कसं उठवायचं ते मला शिकवलं. एक हात पाठीमागे, एक गुडघ्याखाली, पेशंटच्या श्वासाबरोबर उचलायचं. पहिल्या प्रयत्नात जमलं. तो म्हणाला, घरच्या माणसाचा हात असला की पेशंट निर्धास्त असतो. बरं वाटलं. मला अशा कामाचा हातगुण आहे, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

येताना चौदा नंबरकडे येणारं कुणी लिफ्टपाशी भेटू नये म्हणून मागच्या जिन्याने उतरलो. हा जिना जवळही पडतो.

२५ मार्च, बुधवार

बायको सांगत होती, ताईला एक शब्द आला. नको. पण सगळ्यालाच नको म्हणते. चहा हवा का? नको, आणि कप ओढून घेते. खिडकी उघडू का? नको, आणि बोटाने खिडकी दाखवते. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, सुरुवातीला असा एकच शब्द हाती लागतो, अर्थ काहीही असतो. मुलगी आणि ती दोघी हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं ऐकलं.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही? बायको म्हणाली, आज तिला सांगितलं, तो उद्या नक्की येईल. त्यावर काय म्हणाली? नको म्हणाली.

नोंद करून ठेवतो. पेशंटची इच्छा महत्त्वाची.

एक गोष्ट मात्र बायकोच्या लक्षात आलेली दिसते. तिने विचारलं, तू रोज जातोस म्हणतोस, मग मला कधी दिसत नाहीस? मी म्हटलं, आपल्या वेळा जुळत नाहीत. वेळापत्रकाच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य वजनदार वाटतं.

२९ मार्च, रविवार. सं. ७

जे व्हायचं ते झालं.

मी काकांना नखं कापून देत होतो. दारात मोठ्या नर्सबाईंचा आवाज आला. त्या कुणाला तरी कौतुकाने सांगत होत्या, तुमच्या चौदा नंबरला कुणी असा भाऊ असता तर. हे बघा बारा नंबरचे चिरंजीव, इतक्या लांबून आले पण एक दिवस चुकवला नाही.

मी वर पाहिलं. दारात बायको. हातात ताईचे धुवायचे कपडे.

तिने माझ्याकडे पाहिलं, काकांच्या पायाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या नेलकटरकडे पाहिलं. मग नर्सबाईंना म्हणाली, हो, फार चांगला मुलगा आहे. आणि गेली.

काका म्हणाले, करंगळी राहिली.

३१ मार्च

बायको बोलत नाही. कामापुरतं बोलते. मुलीने तिच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, बाबा ना, दुसऱ्याच पेशंटला भेटतात. पलीकडून काय म्हणाले कळलं नाही.

बायकोला बसवून नीट समजावणार होतो. मुद्दे काढले होते. ती समोर बसली. मी पहिला मुद्दा सुरू केला, टप्प्याटप्प्याने जाण्याचे फायदे. ती म्हणाली, तिला काय झालंय ते तू मला कधी विचारलंच नाहीस. चालते किती, जेवते काय, काही नाही. तुला नक्की कशाची भीती वाटते, एवढंच सांग.

मी पाणी प्यायला उठलो.

ती झोपायला गेली. मी टेबलाशी बसलोय. एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. लिहायला हरकत नाही, ही डायरी कुणी वाचत नाही.

तेवीस फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.१० ला ताईचा फोन आला. ८.१२ ला परत. ८.२५ ला परत. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, उजव्या हाताला मुंग्या येतात, उद्या डॉक्टरकडे येशील का बरोबर? मी म्हटलं होतं, बघतो. सकाळी फोन वाजला तेव्हा मी ऑफिसात नुकताच पोचलो होतो. काम नव्हतं. मीटिंग नव्हती. फोन टेबलाच्या खणात ठेवला, वर जुनी वेळापत्रकं ठेवली आणि खण बंद केला. आतून तो थरथरत होता ते टेबलाला कळत होतं. साडेनऊला शेजारणीने तिला स्वयंपाकघरात पडलेली पाहिलं.

ताईसमोर गेलो की ती माझ्याकडे बघणार. बोलता येत नाही तिला, त्यामुळे फक्त बघणार.

एवढंच आहे.

२ एप्रिल, गुरुवार

नळवाल्या काकांना डिस्चार्ज मिळाला. खरा मुलगा कालच बोटीवरून आला. उंच, काळा चष्मा. नर्सबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ फाइलीत पाहिलं.

जाताना काकांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, चौदा नंबरात तुमचं कोण आहे? मी म्हटलं, बहीण. म्हणाले, पहिल्या दिवशी मला वाटलं चोर आहात. चोर असाच एका दाराकडे बघत दुसऱ्या दारात उभा राहतो. मी म्हटलं, मग आत का बोलावलंत? ते म्हणाले, नळ गळत होता.

वाटलं होतं ते पुढे काहीतरी सांगतील. वयस्क माणसं सांगतात. त्यांनी स्वेटरची बटणं लावून घेतली आणि मुलाला म्हणाले, चल, उचल.

व्हीलचेअर लिफ्टमध्ये गेली. मी बारा नंबरमध्ये परत गेलो. पलंगावर नवी चादर घालत होते. मावशी म्हणाल्या, इथे बसू नका, नवीन पेशंट येतोय. आता चौदा नंबरच्या अलीकडे मला बसायला जागा उरलेली नाही.

४ एप्रिल, शनिवार

ठरवून गेलो. बाराला थांबलो नाही. तेराला थांबलो नाही. चौदाच्या दारात उभा राहिलो, डोळे मिटले, आत पाऊल टाकलं, म्हटलं, ताई.

खोलीत कुणी नव्हतं. तिला चालवायला नेलं होतं.

हे ध्यानीमनी नव्हतं. पण आत होतो. आयुष्यात पहिल्यांदा सातव्या स्टॉपवर होतो. खुर्चीत बसलो. टेबलावर तिचा चष्मा, केसांचा रबर, मुलीने आणलेली क्रीमची डबी. एक चाररेघी वही. तिने पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांची अक्षरं वळणदार करून घेतली. वहीत डाव्या हाताने काढलेलं होतं. एक पान भर नुसत्या उभ्या रेघा. दुसऱ्या पानावर घर, घर, घर. रेघेच्या खाली, वर, कुठेही. तिसऱ्या पानावर बाईंनी वर सगळ्यांची नावं लिहून दिली होती, खाली तिने गिरवलेली. बायकोचं नाव चार वेळा. मुलीचं सहा. माझं वर लिहिलेलं होतं. त्याच्या खाली ओळ रिकामी होती.

मला वाटतं जोडाक्षरामुळे.

बाहेरून वॉकरचा आवाज आला. टक, मग पाय ओढल्याचा, मग टक. फार हळू येत होता. मला भरपूर वेळ होता. मी मागच्या जिन्याने उतरलो.

७ एप्रिल

शुक्रवारी ताईला सोडणार. बायकोने ठरवलंय, इकडेच आणायचं, निदान तीन महिने. मुलीची खोली ताईला, मुलगी हॉलमध्ये. मी म्हटलं, दुसरा मजला आहे, जिना आहे, बाथरूमची उंची. बायको म्हणाली, जिना ती दहा दिवसांपासून चढते.

मुलीने विचारलं, बाबा, आता तुम्ही कुठे जाणार? साधं विचारलं तिने, टोमणा नव्हता.

१० एप्रिल, शुक्रवार

आज ताई घरी आली. मी नव्हतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवीन रूटची पाहणी निघाली. साहेबांनी कुणालाही जा म्हटलं असतं, मी हात वर केला. सकाळी सहाला निघालो, रात्री साडेआठला परतलो. बायको म्हणाली, झोपलीय ती. मी म्हटलं, मग उठवू नको.

दार लोटलेलं होतं. आत दिवा होता.

११ एप्रिल

एका घरात राहून माणसाला न भेटणं हे अशक्य नाही, नियोजन लागतं. ती ७ ला उठते, मी ६.४० ला फिरायला. ती ८.३० ला व्यायाम, मी ८.३० ला अंघोळ. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर तिच्या दारावरून जावं लागतं, म्हणून बाल्कनीतून. बाल्कनीचं दार बायकोने दुपारी आतून बंद केलं. चुकून असेल. वीस मिनिटं कुंड्यांपाशी उभा होतो. शेवटी ठोठावलं तेव्हा मुलीने उघडलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

हे असं चालणार नाही. उद्या सगळं सांगून टाकतो. तीन फोन, खण, वेळापत्रकं, सगळं. कागदावर लिहून काढलं. दीड पान झालं. आरशासमोर दोनदा म्हटलं. उत्तम जमतंय.

१२ एप्रिल, रविवार. सं. ५.५०

सांगितलं.

चार वाजता बायको आणि मुलगी औषधं आणि वॉकरचे रबर आणायला गेल्या. बायको दारातून म्हणाली, ती जागी आहे, आणि दार ओढून घेतलं. मी ४.२० ला खोलीत गेलो.

ताई खिडकीशी खुर्चीत होती. बारीक झालीय. तोंड एका बाजूला थोडं ओढलेलं. मांडीवर शर्टाच्या गुंड्यांचा डबा, डाव्या हाताने मोठ्या एकीकडे, लहान एकीकडे करत होती. माझ्याकडे पाहिलं. मी कागद काढलाच नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबलो नाही. तुझे फोन आले होते. मी खणात ठेवला. मला माहीत होतं तू का करतेस. मी आलो असतो तर वेळेत नेलं असतं.

ती ऐकत होती. वर्गात एखाद्या मुलाने भलतंच उत्तर दिलं की कपाळावर यायची ती आठी आली. म्हणाली, फोन. कुठला?

मी पुन्हा सांगितलं. तेवीस तारीख, सोमवार, आठ दहा. तिने मान हलवली. आठवत नाही, म्हणाली. एकेक अक्षर सुटं सुटं. मग हाताने पुसल्यासारखं केलं. तो आठवडाच नाही.

आता आठवतं, बायको मागे एकदा सांगत होती, तिच्या डोक्यातून ते दिवस पुसले गेलेत म्हणून. मी तेव्हा भांडी घासायला घेतली होती, नळ मोठा सोडून.

म्हणजे तिला माझ्यावर धरायला काही नव्हतंच. सात आठवडे मी ज्याला घाबरत होतो ते तिच्याकडे नव्हतंच कधी. हातपाय इतके हलके झाले की मला हसू येईल असं वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं, आता याची माफी कुणाकडे मागायची? ती देऊ शकणारं माणूस समोर होतं आणि त्याला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरं, आराम कर, आणि वळलो.

तिने माझ्या शर्टाची बाही धरली. डाव्या हाताने, घट्ट.

बारा नंबर, म्हणाली. तू. रोज. मग शब्द शोधत थांबली. मी जागचा हललो नाही. खोकला, म्हणाली. तुझा. मग कानाला हात लावून दाखवला.

मला खोकला आहे हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, का नाही आलास?

हे मात्र सलग आलं. तीन शब्द, कुठेही न अडकता. इतकं सरळ वाक्य तिच्या तोंडून अजून घरात कुणी ऐकलेलं नाही. पुष्कळ वेळा म्हणून पाहिलं असणार तिने, भिंतीकडे तोंड करून.

माझ्याकडे दीड पान तयार होतं. त्यात हा प्रश्न नव्हता. मी तोंड उघडलं. म्हटलं, दूध आणतो.

तिने बाही सोडली.

दूध घरात होतं. सकाळीच आलेलं. मी चप्पल घातली, खाली आलो, कोपऱ्यावरून दोन लिटर घेतलं आणि इथे, डेअरीच्या पायरीवर बसून हे लिहितोय. तास झाला असेल. जे बोलायला हवं होतं ते आता सगळं सुचतंय. अगदी साधं होतं. भीती वाटली म्हणायचं होतं. दोन शब्द.

ताई घरी एकटी आहे.

हे मला आत्ता, लिहिताना लक्षात आलं. तिला एकटीला उठता येत नाही, गुंड्यांचा डबा मांडीवर आहे, दार मी नुसतं ओढून आलोय की लावून, तेही आठवत नाही. बायकोने पहिल्यांदाच तिला माझ्या भरवशावर सोडलं होतं.

उठतो.

६.०५

डेअरीवाला म्हणाला, काका, दूध खराब होईल. मी त्याला म्हटलं, हो, निघालोच.